कशाच्या किती पट?

बारामती तालुक्यात, माळेगावच्या परिसरात, उसाबद्दल बोलताना पाणी, खत आणि दर यांच्या जोडीला आता उपग्रहाची चित्रंही येतात. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग २०२४ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत नेला. अभियांत्रिकीच्या मुलांनाही अशा कामातून प्रकल्पाला विषय मिळतो. चित्र घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा हिरवेपणा काढायचा आणि हा हिशेब थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तुकड्यांत, तोडून संगणकाच्या सगळ्या कोअरवर वाटून द्यायचा. अहवालाच्या शेवटी एक आलेख येतो आणि त्याखाली एक वाक्य : आठ थ्रेडवर अमुक पट स्पीडअप मिळाला.

या एका वाक्यावरून माळेगाव बुद्रुकमध्ये झालेली एक चर्चा इथे देतो आहे. काकांनी अभियांत्रिकीच्या मुलांना आयुष्यभर संगणकशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते गावी राहायला आले. पुतणी पुण्यात नोकरी करते. चालू प्रोग्रॅम जलद करणं हेच तिचं काम. दोघांचाही जीव या विषयात आहे आणि दोघांचं मत अगदी उलट आहे.

पुतणी : काका, मुलांना स्पीडअपवर गुण देणं बंद करायला हवं. समजा, दोन प्रोग्रॅम तेच काम करतात. पहिल्याला एका थ्रेडवर १०० सेकंद लागतात, आठ थ्रेडवर १४. दुसऱ्याला एका थ्रेडवर २० आणि आठवर ८. पहिल्याचा स्पीडअप सात पटींहून जास्त, दुसऱ्याचा फक्त अडीच पट. पण काम कुणाचं आधी झालं?

काका : दुसऱ्याचं. पण तू सोयीचं उदाहरण घेतलंस.

पुतणी : सोयीचं नाही, नेहमीचं आहे. कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बघा, स्पीडअप देखणा होतो. प्रोग्रॅम जितका ढिला, तितका प्रत्येक कोअर आपल्याच फालतू आकडेमोडीत अडकलेला असतो. मेमरीसाठी कुणाची कुणाला अडचणच होत नाही. नीट लिहिलेला प्रोग्रॅम आकडेमोड झटक्यात संपवतो, मेमरीच्या दारात लवकर पोचतो आणि तिथे अडतो. म्हणजे तुमच्या मोजपट्टीवर हळू चालणाऱ्याला बक्षीस आणि जलद चालणाऱ्याला शिक्षा. मी फक्त घड्याळ बघते. किती सेकंद लागले, एवढंच.

हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, मलाही वाटलं. पण स्पीडअप म्हणजे एक भागाकार आहे : एका थ्रेडचा वेळ भागिले अनेक थ्रेडचा वेळ. खालचा आकडा लहान केला की उत्तर वाढतं, हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. वरचा आकडा मोठा केला तरी ते तितकंच वाढतं, याकडे फार थोडे बघतात.

काका : बरं, घड्याळ धरू. तुझा दुसरा प्रोग्रॅम आठ सेकंदांत संपला. आता सांग, सोळा कोअरचं यंत्र आणलं तर किती वेळ लागेल?

पुतणी : ते चालवून बघावं लागेल.

काका : म्हणजे यंत्र आधी विकत घ्यायचं आणि मग कळणार! घड्याळ खरं बोलतं, पण कारण सांगत नाही. कारण हवं असेल तर एक थ्रेड, दोन, चार, आठ असं पायरीपायरीनं मोजावं लागतं. समजा, एका मुलानं लिहिलं की आठ थ्रेडवर ५.७ पट स्पीडअप मिळाला. आठ का नाही मिळाला?

पुतणी : काही भाग एकट्यानंच चालला असेल.

काका : हे पुस्तकातलं उत्तर. जीन अ‍ॅमडालनं १९६७ मध्ये मांडलं की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी मर्यादा ठरवतो. त्या गणितानं ५.७ चा अर्थ लावला तर सुमारे पावणेसहा टक्के काम वाटण्याजोगं नाही. मग हजार कोअर आणले तरी सतरा पटींच्या पुढे जाता येणार नाही. मुलगा असंच लिहितो आणि अहवाल संपवतो.

पुतणी : आणि ते चुकीचं असू शकतं. लॅपटॉपचा प्रोसेसर एकच कोअर चालू असताना समजा ४.५ गिगाहर्ट्‌झवर धावतो. आठही कोअर जुंपले की तापतो आणि ३.२ वर उतरतो. काम अगदी निर्दोष वाटलं तरी आठ गुणिले ३.२ भागिले ४.५, म्हणजे ५.७ च येणार. वाटता न येणारा भाग शून्य असतानासुद्धा!

काका : बघ, आता तूच माझ्या मुद्द्यावर आलीस. आकडा तोच, कारणं दोन. ती वेगळी कशी करायची? ५.७ कडे बघत बसून नाही करता येणार. दोन आणि चार थ्रेडवर काय झालं ते बघावं लागतं. खरोखर पावणेसहा टक्के भाग एकट्यानं चालत असेल, तर दोन थ्रेडवर १.८९ आणि चारवर ३.४ च्या आसपास मिळायला हवं. प्रोसेसर तापून मंदावत असेल तर दोन थ्रेडवर जवळजवळ पूर्ण दुप्पट मिळेल आणि घसरण पुढे सुरू होईल. अ‍ॅलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी १९९० मध्ये यासाठी साधी रीत सांगितली. प्रत्येक पायरीवर मोजलेल्या स्पीडअपवरून उलटं गणित करायचं आणि जणू किती भाग एकट्यानं चालला ते काढायचं. हा भाग सगळीकडे सारखाच निघाला तर अ‍ॅमडालचं कारण. थ्रेडबरोबर तो वाढत गेला तर दोष कामाच्या वाटणीत नाही. थ्रेड एकमेकांची वाट अडवताहेत, नाहीतर यंत्रच थकतंय.

पुतणी : चार कोअर आणि आठ थ्रेडचा लॅपटॉप असेल तर तिसरीच गोष्ट. एका कोअरवर दोन थ्रेड बसवले म्हणून दोन कोअर होत नाहीत. चारपर्यंत रेघ सरळ चढते आणि मग आडवी होत जाते. वरचे चार थ्रेड मिळून पाव किंवा तिसरा हिस्सा भर घालतात, कधी काहीच घालत नाहीत. मुलं मात्र आडव्या अक्षावर आठ लिहितात आणि आठानंच भागतात. नव्या प्रोसेसरांत तर सगळे कोअरही सारखे नसतात. काही दमदार, काही वीज वाचवणारे.

काका : म्हणजे आलेख हवा.

पुतणी : निदानासाठी हवा. निकाल म्हणून नको.

इथे मला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी लागली तर मी काकांची घेईन. ५.७ या एका आकड्यामागे वेगवेगळी कारणं दडलेली असू शकतात. पण पुतणीनं पुढे जे काढलं, त्यानं आलेखाचाही पाया हलला.

पुतणी : मुलं मोजतात कोणत्या क्रमानं? आधी एक थ्रेड, मग दोन, मग चार, मग आठ. पहिल्या धावेला चित्राची फाइल डिस्कवरून येते. दुसऱ्या धावेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमनं तीच फाइल रॅममध्ये धरून ठेवलेली असते. म्हणजे डिस्कचा सगळा वेळ एका थ्रेडच्या माथी आणि त्याचा फायदा बाकीच्यांना. असे अहवाल असतात की आठ कोअरवर अकरा पट स्पीडअप!

काका : अकरा पट खराही येऊ शकतो. माहिती आठ तुकड्यांत वाटली की प्रत्येक तुकडा त्या कोअरच्या कॅशेत, म्हणजे जवळच्या छोट्या जलद मेमरीत, मावतो, एकट्याच्या कॅशेत सगळी मावत नव्हती.

पुतणी : येऊ शकतो. म्हणूनच आधी क्रम उलटा करून बघायचा. आठ थ्रेड पहिल्यांदा, एक शेवटी. अकरा पट तरीही टिकला तर कॅशेची गोष्ट बोलू. शिवाय एकदाच मोजून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये बारामतीत चाळीस अंश असताना दुपारी मोजलेला वेळ आणि पहाटेचा वेळ एक नसतो. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. प्रत्येक पायरी अनेकदा चालवायची, मधला आकडा घ्यायचा आणि किती फरक पडत होता तेही लिहायचं. पाच टक्के सुधारणा मिळाली म्हणायचं आणि दोन धावांतच दहा टक्के फरक असायचा, याला काय अर्थ?

काका : हे सगळं कबूल. आता त्या हिरवेपणाच्या हिशेबावर ये. मुलांच्या मते तो वाटायला सर्वांत सोपा. एका ठिपक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, मध्ये लॉक नाही, काही नाही. तरी रेघ दोन-अडीच पटींवर जाऊन आडवी होते आणि मुलं हताश होतात.

पुतणी : कारण तिथे आकडेमोड जवळजवळ नाहीच! युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ चं एक चौकोनी चित्र घ्या. १०,९८० गुणिले १०,९८० ठिपके, म्हणजे १२ कोटींच्या वर. प्रत्येक ठिपक्यासाठी दोन पट्ट्यांतले दोन आकडे वाचायचे, लाल आणि अवरक्त. एक वजाबाकी, एक बेरीज, एक भागाकार, आणि उत्तर लिहायचं. वाचायला चार बाइट, लिहायला चार. एका चित्रामागे सुमारे एक जीबीची ने-आण. मुलांच्या लॅपटॉपात बहुधा रॅमची एकच पट्टी असते. ३२०० ची डीडीआर-४ पट्टी कागदावर सेकंदाला २५.६ जीबी देते, आणि त्यातला बराच भाग एकटा कोअरच ओढू शकतो. दुसरा कोअर आला की नळ पूर्ण उघडला. तिसऱ्यानं काय करायचं?

काका : शिवनगरच्या साखर कारखान्याकडे बघितलं की हे कळतं. तोडणीच्या टोळ्या दुप्पट केल्या म्हणून गाळप दुप्पट होत नाही. गव्हाण एकच असते. गाड्या अड्ड्यावर रांगेत उभ्या राहतात.

पुतणी : अगदी. आणि म्हणून मी मुलांना सांगेन की स्पीडअप काढूच नका, सेकंदाला किती जीबी ओढले ते काढा. २५.६ पैकी २० ओढले असतील तर तुमचा प्रोग्रॅम उत्तम आहे, मग स्पीडअप दोनच का असेना. तिथे सहा थ्रेड वाढवण्यापेक्षा रॅमची दुसरी पट्टी बसवणं जास्त उपयोगाचं. दोन पट अपयश की यश, हे यंत्राच्या मर्यादेशी ताडून ठरतं. आठ या आकड्याशी ताडून नाही.

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. आपल्याकडे समांतर प्रोग्रॅमिंग शिकवताना थ्रेडच्या संख्येलाच आदर्श मानण्याची सवय लागली आहे. त्या सवयीपायी चांगलं काम केलेली मुलं स्वतःला नापास समजतात.

काका : मग उलटं उदाहरण घे. हिरवेपणा काढल्यावर मुलं मोजतात की किती ठिपके सुकलेले, किती मध्यम, किती जोमदार. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा मोजणीचा आकडा देतात. लॉक नाही, भांडण नाही. तरी आठ थ्रेडवर ते एका थ्रेडपेक्षाही हळू चालतं.

पुतणी : आठ बाइटचे आठ आकडे शेजारीशेजारी ठेवले की चौसष्ट बाइट झाले, आणि आपल्या लॅपटॉपांत कॅशेची एक ओळ नेमकी चौसष्ट बाइटची असते. आकडे वेगळे, ओळ एक. एकानं आपला आकडा बदलला की बाकी सातांची प्रत बाद. दर वाढीला ती ओळ या कोअरकडून त्या कोअरकडे फिरते. मोजणी थ्रेडच्या आपल्या खासगी जागेत करायची आणि शेवटी एकदाच बेरीज करायची. चार ओळींचा बदल.

काका : हे घड्याळानं सांगितलं असतं?

पुतणी : एवढंच सांगितलं असतं की काहीतरी बिघडलंय.

काका : आणि आलेखानं सांगितलं असतं की थ्रेड वाढताना बिघडलंय. म्हणजे शोध कुठे घ्यायचा ते कळलं.

थोडा वेळ दोघं यावर राहिले. मग पुतणीनं विषय मोठा केला, आणि खरा मतभेद तिथे होता.

पुतणी : तुमचा अ‍ॅमडाल काम ठरलेलं धरतो. तेवढंच चित्र, तेवढाच हिशेब, थ्रेड मात्र वाढताहेत. प्रत्यक्षात कुणी असं वागत नाही. मोठं यंत्र मिळालं की माणूस मोठं काम हाती घेतो. जॉन गुस्टाफसननं १९८८ मध्ये हेच दाखवलं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत १०२४ प्रोसेसरांवर यंत्राबरोबर कामही वाढवलं आणि हजाराहून अधिक पट स्पीडअप काढला. दोनशे पट दाखवा आणि शंभर डॉलर घ्या, असं आव्हान त्याआधी दिलं गेलं होतं; देणारा तुमचा तोच अ‍ॅलन कार्प. आपल्याकडचं बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ४ पेटाफ्लॉप्सचा 'प्रत्यूष' हा महासंगणक होता, २६ सप्टेंबर २०२४ ला ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्का' आला. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की जुनाच अंदाज आता तिसऱ्या हिश्श्याच्या वेळात काढू. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली आणि जागतिक अंदाजाची जाळी बारा किलोमीटरवरून सहावर आली. दोन्ही दिशांनी जाळी निम्मी केली की ठिपके चौपट. बहुतेक वेळा कालपायरीही आखूड करावी लागते, मग काम आठपट. तिथे स्पीडअप विचारणंच गैरलागू. विचारायचं ते असं की अंदाज वेळेवर आला का आणि माळेगावच्या शेताच्या किती जवळचा आला.

काका : इथेच मला भीती वाटते. काम वाढवत नेलं की प्रत्येक प्रोग्रॅम चांगला दिसतो. वाटता न येणारा भाग नाहीसा होत नाही, मोठ्या कामाच्या मागे लपतो. पाच टक्के भाग तसाच असेल तर ठरलेल्या कामाला आठ कोअरवर ५.९ पट मिळतं, आणि तुझ्या गुस्टाफसनच्या हिशेबानं ७.६५. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर न बदलता! मग ७.६५ लिहिणाऱ्यानं काम वाढवलं होतं, हे पहिल्या ओळीत सांगायला नको? नासाच्या डेव्हिड बेलीनं १९९१ मध्ये समांतर यंत्रांचे निकाल सांगून लोकांना फसवण्याचे बारा मार्ग लिहून काढले, ते उगीच नाही. जुन्या प्रोग्रॅमशी, जुन्या यंत्राशी तुलना करणं त्यातच आहे, आणि ते अजूनही चालतं.

पुतणी : ते सांगायलाच हवं. पण त्यावरून मोठं काम खोटं ठरत नाही.

काका : खोटं नाही, वेगळं. पुण्यात टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजनं उभारलेला 'एका' आठव. नोव्हेंबर २००७ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा, आशियात पहिला. कागदावरची ताकद १७०.९ टेराफ्लॉप्स, मोजलेली ११७.९. म्हणजे ६९ टक्के. त्या काळाला अभिमान वाटावा अशी. पण ती मोजली लिनपॅकवर, म्हणजे मोठ्या समीकरणांचा एक संच सोडवून, आणि तो प्रश्न हवा तेवढा मोठा घ्यायची मुभा असते. हवामानाचे प्रोग्रॅम तशाच यंत्रांवर बहुधा दहा टक्क्यांच्या आत राहतात, कारण त्यांचा वेळ मेमरीत आणि एकमेकांना माहिती पोचवण्यात जातो. यंत्र तेच, दोन्ही आकडे खरे. काम कोणतं आणि केवढं, हे सांगितल्याशिवाय दोन्ही निरुपयोगी.

पुतणी : मग आपलंच काम घ्या. सेंटिनेल-२ चं नवं चित्र साधारण पाच दिवसांनी येतं. एका चित्राचं उत्तर अर्ध्या सेकंदात आलं की पाव सेकंदात, शेतकऱ्याला काय फरक? शिवाय चित्र दाबून ठेवलेल्या स्वरूपात येतं. समजा, ते उलगडायला सहा सेकंद लागतात आणि हिशेबाला ०.१. मुलं महिनाभर त्या ०.१ वर राबतात, ०.०५ करतात आणि दोन पट स्पीडअप लिहितात. एकूण ६.१ चे ६.०५ झाले! पण महाराष्ट्र झाकायला अशी काही डझन चित्रं लागतात, आणि मागच्या वर्षांचीही पडताळायची असतात. तिथे एका चित्राचे तुकडे करू नका, प्रत्येक कोअरला अख्खं चित्र द्या. उलगडणंही समांतर होईल आणि थ्रेडना एकमेकांशी बोलायचं कामच उरणार नाही.

काका : याला मी पूर्ण गुण देईन. मात्र अहवालात लिही की एका चित्राचा वेळ कमी झालेला नाही, तासाला निघणारी चित्रं वाढली आहेत. ज्याला उद्या सकाळी एकाच शेताचं उत्तर हवंय, त्याला यातून काही मिळालं नाही.

पुतणी : लिहीन. पण पहिल्या पानावर सेकंद येतील, यंत्राचं वर्णन येईल, आणि एका थ्रेडचा सगळ्यात चांगला प्रोग्रॅम किती वेळ घेतो ते येईल. आठ थ्रेडसाठी लिहिलेलाच प्रोग्रॅम एका थ्रेडवर चालवला तर त्यात वाटणीचा सगळा खर्च असतो, तो पाया धरता येणार नाही. आलेख आत, तिसऱ्या-चौथ्या पानावर.

काका : आलेख पहिल्या पानावर. त्याच्या उभ्या अक्षावर हवं तर सेकंद लिही, पण वाकलेली रेघ लोकांना आधी दिसू दे. लोक वाकण्याच्या आधीच आलेख तोडतात. बत्तीस कोअरचं यंत्र असतं आणि मोजणी सोळावर थांबते.

पुतणी : आणि आठ थ्रेडनंतर खाली उतरणाऱ्या रेघेला गुण किती देणार?

काका : ती का उतरली ते शोधून लिहिलं असेल तर पूर्ण. नसेल लिहिलं तर रॅमची दुसरी पट्टी त्या मुलाच्या हातात देईन आणि सगळं पुन्हा मोजायला लावीन.